शिरीष, तो निळा शाईत नव्हता

शिरीष, तुला जाऊन अजून महिना झाला नाही आणि लोक तुझ्याबद्दल चांगलं बोलायला लागले आहेत. हे होणारच होतं. परवा लक्ष्मी रोडवर एक प्रेसवाला भेटला, ज्याला तू आयुष्यभर बिनडोक म्हणत आलास. तो हात धरून म्हणाला, "काय दिलदार माणूस गेला हो." मी म्हटलं, "हो का?" आणि तेवढ्यावर थांबले. नुकत्याच गेलेल्या माणसाबद्दल भर रस्त्यात खरं बोलणं बरं दिसत नाही. म्हणून घरी येऊन लिहायला बसले.

तुझी बक्षिसं, तुझी भाषणं, तुझ्या बाणेरच्या ऑफिसाच्या काचा, हे सगळं दुसरे लिहितील. काहींनी लिहिलंही आहे. एकाने तुला 'पुण्यातल्या डिजिटल युगाचा शिल्पकार' म्हटलं आहे. तुला ते आवडलं असतं. ज्या अक्षरांत छापलंय ती आवडली नसती. मला यातलं काही लिहायचं नाही. आपलं भांडण अर्धवट राहिलंय आणि तू मध्येच उठून गेलास. तुझी ती जुनीच सवय.

सुरुवात चांगली झाली होती, हे कबूल करायला हवं. आपण एकाच वर्गात उपयोजित कला शिकलो. शिक्षण संपल्यावर तुझ्या डोक्यात आलं की दोघांनी मिळून स्टुडिओ काढायचा. माझे बाबा टपाल खात्यात होते. मुलीने दिवसभर छापखान्यात पुरुषांबरोबर उभं राहायचं, हे त्यांना मान्य नव्हतं. तू एका रविवारी सकाळी आमच्या सहकारनगरच्या घरी आलास, दिवाणावर अवघडून बसलास आणि म्हणालास, "काका, आमच्या वर्गात रंगाची नजर हिच्याइतकी कुणाचीच नाही. सर दोन कागद धरून विचारतात, यातला कुठला जास्त तांबूस? आम्ही सगळे अंदाज करतो. ही बघते."

बाबा म्हणाले, "नजरेवर पोट भरतं का?"

"आता भरेल, काका. कंपन्या यायला लागल्यात. प्रत्येकाला आपली ओळख हवी आहे."

बाबांनी तुझ्याकडे बघत चहा संपवला आणि आत जाऊन आईला म्हणाले, "मुलगा बोलतो बरा." मला परवानगी मिळाली. मी या धंद्यात आले ती तुझ्या त्या वाक्यामुळे. हे मी कधी नाकारलं नाही. त्याच तोंडाने तू पुढे काय बोललास, ते सांगायचं आहे.

नारायण पेठेत एका ऑफसेट छापखान्याच्या वरची खोली आपण घेतली. खाली मशीन सुरू झालं की आपली टेबलं थरथरायची. बाजार नुकता खुला झाला होता आणि पुण्यात ज्याला त्याला बोधचिन्ह हवं होतं. भोसरीत बेअरिंगा बनवणाऱ्याला हवं होतं, लोणच्यावालीला हवं होतं, गल्लीगल्लीत निघालेल्या कॉम्प्युटर क्लासवाल्यांना तर कालच हवं होतं. आधी आपण सगळं हाताने करायचो, कापायचो, चिकटवायचो. मग तू कॉम्प्युटर आणलास. त्याच्यासाठी शिंप्याकडून आवरण शिवून घेतलंस आणि त्या पडद्यासमोर जो बसलास तो उठलाच नाहीस.

आपलं भांडण तिथून सुरू झालं, पण तेव्हा त्यात मजा होती.

तू म्हणायचास, "बघ, अलका. लाल, हिरवा, निळा. तीनच दिवे. तिन्ही पूर्ण लावले की पांढरं. काळोखातून मी पांढरं काढतो."

मी म्हणायचे, "आणि मी पांढऱ्या कागदापासून सुरुवात करते. त्यावर शाई टाकत गेलं की उजेड कमी होतो. निळसर सायन, गुलाबी मॅजेंटा आणि पिवळी, तिन्ही शाया एकत्र केल्या की चिखल होतो. म्हणून चौथी काळी लागते."

"म्हणजे तुझा धंदा चिखलाचा."

"आणि तुझा दिव्यांचा. वीज गेली की संपला."

त्या काळात वीज जायचीही. तुझा पडदा काळा व्हायचा, तू कपाळावर हात मारायचास आणि मी अतिशय समाधानाने स्टोव्ह पेटवून चहा करायचे.

यातली खरी गोष्ट साधी होती आणि ती तुलाही कळत होती. पडदा उजेड फेकतो. कागद अंगावर पडलेल्या उजेडातला थोडासा परत देतो. त्यामुळे पडद्यावर दिसणारे काही रंग शाईत नसतातच. कितीही महागडा कागद आणा, कितीही चांगलं मशीन आणा, नसतात. भडक हिरवा असतो तसा, झगझगीत नारिंगी असतो. आणि सगळ्यात जास्त फसवणारा निळा.

मग हिंजवडीचं काम आलं.

तेव्हा हिंजवडीला जाताना दोन्ही बाजूंना ऊस दिसायचा आणि उसाच्या मधेच एखादी काचेची इमारत उगवलेली असायची. अमेरिकेतून परत आलेल्या आपटे नावाच्या गृहस्थांनी तिथे सॉफ्टवेअरची कंपनी काढली होती. मोजकं बोलणारा, नीट ऐकून घेणारा माणूस. आपल्यासाठी ते सगळ्यात मोठं काम होतं. तू त्यांच्यासाठी एक चिन्ह केलंस आणि त्याला निळा रंग दिलास. पडद्यातल्या निळ्या दिव्याचा, निव्वळ, दुसरं काही न मिसळलेला निळा. तो पडद्यावर असा पेटायचा की डोळे दिपायचे. सुंदर होता, शिरीष. आपटे त्याच्या प्रेमात पडले. मीही पडले असते, पण मला तो छापायचा होता.

मी खाली मशीनवर त्याचं प्रूफ, म्हणजे छपाईआधीचा नमुना, काढलं. चार शायांत तो रंग जांभळा झाला. होणारच होता, कारण तो निळा गाठायला सायनबरोबर इतका मॅजेंटा पडतो की निळ्याचा जांभळा होतो. मी तो कागद आणून तुझ्या पडद्याशेजारी धरला.

तू म्हणालास, "ट्यूबलाइटमुळे वाटतंय."

मी कागद खिडकीत नेला. तू आलास, पाहिलंस आणि परत खुर्चीकडे गेलास.

मी म्हटलं, "दोन मार्ग आहेत. मॅजेंटा कमी करून पडद्यावरचा निळाच थोडा उतरवायचा, म्हणजे दोन्हीकडे तो सारखा दिसेल. किंवा छपाईसाठी वेगळी तयार शाई मिसळून घ्यायची. पण काहीही केलं तरी हा कागद आपटेंना दाखव. त्यांना आधी कळू दे."

"दाखवतो," तू म्हणालास.

चार दिवसांनी मी विचारलं. तू म्हणालास, "पाहिलं त्यांनी. चालेल म्हणाले."

मला आश्चर्य वाटलं, पण गिऱ्हाईक हो म्हणतंय तर आपण कोण? मी छापायला दिलं. फोल्डर, माहितीपत्रकं, व्हिजिटिंग कार्डं, सगळं.

उद्घाटनाच्या दिवशी मंचावर मोठ्या पडद्यावर तुझा निळा झळकत होता आणि पाहुण्यांच्या हातात जांभळे फोल्डर होते. शेजारच्या खुर्चीतल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी मला अगदी निरागसपणे विचारलं, "कंपन्या दोन आहेत का?" मी समोर आपटेंकडे पाहिलं. ते हातातलं फोल्डर बघत होते. मग त्यांनी मान वर करून पडदा पाहिला. मग पुन्हा फोल्डर.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आपल्याला बोलावलं. मोठं टेबल होतं, त्यांची चार माणसं होती. आपटे आवाज न चढवता म्हणाले, "हे असं कसं झालं, एवढंच मला समजून घ्यायचंय."

मी विचारलं, "साहेब, तुम्ही प्रूफ पाहिलं होतंत ना?"

"कुठलं प्रूफ?"

मी तुझ्याकडे वळले. मला वाटलं, आता तू सांगशील. काहीतरी गुळगुळीत सांगशील, पण सांगशील. तू दोन्ही हात टेबलावर ठेवलेस, आवाज अगदी खाली आणलास आणि म्हणालास, "आपटेसाहेब, चूक आमचीच आहे. मी हे बोलणार नव्हतो. अलकाला निळ्या-जांभळ्यात घोटाळा होतो. डोळ्यांचा प्रश्न आहे, जन्मापासूनचा. तिचा दोष नाही. मीच लक्ष ठेवायला हवं होतं."

ते वाक्य मी इतक्या वर्षांत विसरले नाही. त्यातलं खोटं मी कदाचित विसरलेही असते. त्यातली माया विसरता आली नाही. तू माझ्या खांद्यावर हात ठेवला होतास.

मी म्हटलं, "मला सगळे रंग नीट दिसतात."

पण तोवर उशीर झाला होता. टेबलाभोवतीच्या सगळ्या माणसांनी नजरा खाली घातल्या होत्या. रंग न दिसणारं माणूस हेच म्हणणार, नाही का? आपटे माझ्याशी फार सौम्यपणे बोलले. "असू दे, मॅडम. आपण दुरुस्त करू." काम वाचलं. आपटे भले माणूस होते, त्यामुळेच तर ते वाचलं. आंधळ्या बाईवर कोण रागावणार?

परत येताना तुझ्या गाडीत मी बोलायला सुरुवात केली तेव्हा आपण वाकडला होतो.

"तू खोटं बोललास."

"एका वाक्याने काम वाचलं, अलका."

"माझ्या डोळ्यांवर?"

"तुझे डोळे कसे आहेत ते तुला माहितीये, मला माहितीये. मग त्यांना काय वाटतं याने काय फरक पडतो?"

"मी रंगाचं काम करते, शिरीष. गवयाला बहिरा म्हणालास तू."

"थोडं निवळू दे. मी सांगतो त्यांना."

विद्यापीठ चौकात मी गाडीतून उतरले. तू खिडकीची काच खाली करून म्हणालास, "अगं, बस ना. उगाच काय." मी बसने घरी गेले.

तू त्यांना कधीच सांगितलं नाहीस. दुरुस्ती मात्र मीच केली. खालच्या छापखान्यात उभं राहून मी शाई मिसळत गेले. गुळगुळीत कागदावर वेगळी उतरायची, लेटरहेडच्या साध्या कागदावर वेगळी, म्हणून दोन्हींसाठी वेगवेगळं प्रमाण बसवलं. पडद्यावरचा निळाही तुझ्याकडून थोडा उतरवून घेतला. मी शेजारी कागद धरून बसले आणि तू कुरकुरत आकडे बदललेस. शेवटी दोन्ही निळे असे जुळले की ओळखू येईनात. तू ते नमुने घेऊन हिंजवडीला गेलास आणि आल्यावर म्हणालास, "खूश झाले." नंतर आपट्यांच्याच एका माणसाकडून मला कळलं की तू त्यांना सांगितलंस, हे मुंबईच्या एका रंगतज्ज्ञाकडून खास करून घेतलंय. मुंबईच्या, शिरीष. तो माणूसही तुला पुण्यात सापडला नाही.

पुणं लहान होतं तेव्हा. निदान आपला धंदा तरी एवढ्याशा जागेत मावायचा. कागदवाल्याला कळलं, प्लेट बनवणाऱ्याला कळलं, आपल्या कॉलेजला कळलं. ज्या छापखान्यांत मी हुकूम सोडायचे तिथे मशीनमन मला हळूच सांगायला लागले, "मॅडम, हा मॅजेंटा आहे बरं का." कॉलेजात मी रंगावर व्याख्यान द्यायचे. त्या वर्षी प्राचार्यांचा फोन आला, "यंदा तुम्ही अक्षरलेखनावर बोला ना. तेही छान बोलता तुम्ही." चुलतबहिणीच्या लग्नाच्या खरेदीत मावशीने माझ्या हातातली साडी काढून घेतली आणि दुकानदाराला म्हणाली, "हिला नका विचारू." मावशीपर्यंत हे कुणी पोचवलं, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

बायकांमध्ये रंगांधळेपणा फार क्वचित असतो, हे मी वाचून काढलं होतं. ते मी एका प्रेसवाल्याला सांगितलं. तो म्हणाला, "बघा ना, आणि नेमका तुमच्याच वाट्याला आला." मी टिळक रोडवरच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी ठिपक्याठिपक्यांची चित्रं दाखवली, ज्यांत आकडे लपलेले असतात. मी सगळे आकडे वाचले. डॉक्टर म्हणाले, "तुम्हाला कुणी सांगितलं की दोष आहे?" मी म्हटलं, "एका मित्राने." ते म्हणाले, "लिहून देऊ का तसं?" मी नको म्हटलं. तो कागद मी कुणाकुणाला दाखवणार होते? स्वतःच्या डोळ्यांचा दाखला पर्समध्ये घेऊन फिरणाऱ्या बाईवर कोण विश्वास ठेवतं?

मी स्टुडिओ सोडला. नाव तू ठेवून घेतलंस. तेव्हा तू म्हणालास, "रागावून जाऊ नकोस." मी म्हटलं, "मग कशी जाऊ?"

आता तुला आवडेल असं थोडं सांगते, कारण ते खरं आहे. मी वेष्टनांच्या कामात गेले. मसाल्यांची पाकिटं, औषधांचे खोके. तिथे रंग चुकला तर माल परत येतो, आणि माल परत आला नाही की लोक हळूहळू कुजबुजायचे थांबतात. मला दहाएक वर्षं लागली, मग मी स्वतःचा छापखाना काढला. पण तिथेही तू माझा पिच्छा सोडला नाहीस. स्टुडिओत असताना तू म्हणायचास, "कंपनीची ओळख यापुढे कागदावर जन्माला येणार नाही. आधी पडद्यावर येईल, मग जमलं तर कागदावर." मी हसायचे. तू बरोबर होतास. आज माझ्याकडे येणारं प्रत्येक गिऱ्हाईक खिशातून फोन काढतं आणि म्हणतं, हा रंग. मी आता आधी पडद्याचा रंग ठरवते आणि कागद गाठू शकेल असाच ठरवते. मग प्रत्येकाला लिहून देते, पडद्यासाठी हे आकडे, चार शायांसाठी ही टक्केवारी, खास शाई वापरायची तर ही. आणि बजावते, संकेतस्थळावरचं चित्र उचलून होर्डिंगवाल्याला देऊ नका. पडद्यापासून सुरुवात करायची, हे मी तुझ्याकडून शिकले. तुझ्याशी भांडता भांडता शिकले. त्याबद्दल तुझे आभार. बाकी कशाबद्दल नाही.

तू आजारी असल्याचं नंदाने कळवलं. तुझी बायको माझ्याशी नेहमी सरळ वागली, म्हणून मी खराडीला तुमच्या फ्लॅटवर आले. तू खिडकीपाशी बसला होतास, अर्धा झाला होतास. मी मनाशी ठरवून आले होते की जुनं काही काढायचं नाही. आजारी माणसाशी काय भांडायचं? तुझी मुलगी ऋचा चहा घेऊन आली. ती हिंजवडीतल्याच एका कंपनीत मोबाइलच्या पडद्यांची रचना करते, हे तू मला अभिमानाने सांगितलंस. मग माझ्याकडे वळून अगदी काळजीने विचारलंस, "अलका, डोळे कसे आहेत आता?"

मला वाटलं, तू टोमणा मारतोयस. मी तुझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. नव्हता टोमणा. तू ऋचाला म्हणालास, "या मावशीला रंग दिसत नाहीत, माहितीये? तरी रंगाच्या धंद्यात टिकली. आम्ही एकत्र होतो तेव्हा मी सांभाळून घ्यायचो. पुढे एकटीने निभावलं. कमाल बाई आहे."

ऋचाने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी कप खाली ठेवला. इतका आदर होता त्यात.

मी म्हटलं, "शिरीष, मला रंग दिसतात. तू आपट्यांसमोर खोटं बोलला होतास."

तू हसलास. थकलेलं, प्रेमळ हसू. आणि म्हणालास, "अजून मानत नाहीस तू."

ते खोटं तू इतक्या लोकांना इतक्यांदा सांगितलं होतंस की ते तुला आता आठवणीसारखं आठवत होतं. मी इतकी वर्षं ज्या माणसावर रागावले होते, तो माणूस त्या खुर्चीत नव्हताच. तिथे बसला होता तो माझ्यावर उपकार केलेला एक भला आजारी माणूस. त्याच्याकडून मी काय कबूल करून घेणार होते? मी चहा तसाच ठेवला आणि निघाले. लिफ्टपर्यंत नंदा आली. ती म्हणाली, "बोलतो तो असंच काहीतरी. मनावर घेऊ नकोस." मी लिफ्टचं बटण दाबलं. थोड्याच दिवसांत तू गेलास.

तुझ्या शोकसभेला मी मागच्या रांगेत बसले होते. लोकांनी तुझ्या दूरदृष्टीबद्दल सांगितलं, तुझ्या विनोदाबद्दल सांगितलं. मग ऋचा उभी राहिली. ती म्हणाली, "बाबांचं मन किती मोठं होतं, याची एक गोष्ट सांगते," आणि तिने माझी गोष्ट सांगितली. रंग न दिसणाऱ्या मैत्रिणीला बाबांनी कसं सांभाळून घेतलं. लोक वळून वळून माझ्याकडे बघत होते. शेजारच्या बाईंनी माझा हात दाबला. मी तिथेच उठून सांगू शकले असते. पण मंचावर बाप गेलेली मुलगी उभी होती. मी हात दाबून घेतला.

आठवडाभराने तीच मुलगी माझ्या छापखान्यात आली. तुझ्यावर एक छोटी पुस्तिका काढायची होती, मुखपृष्ठावर तुझा फोटो. नंदाने बजावून सांगितलं होतं, छपाई अलकाकडेच. ऋचा दारात चुळबुळत उभी राहिली आणि म्हणाली, "मावशी, मी थांबले तर चालेल? म्हणजे, रंग बघायला."

"थांब की," मी म्हटलं.

फोटो तिच्या फोनमधला होता, ऑफिसच्या पांढऱ्या दिव्याखाली काढलेला. पडद्यावर बरा दिसत होता. पहिलं प्रूफ आलं तेव्हा तुझा चेहरा निळसर पडला होता. माणसाची कातडी छापणं हे या धंद्यातलं सगळ्यात अवघड काम. मॅजेंटा वाढला की माणूस प्यायलेला दिसतो, पिवळा वाढला की कावीळ झालेला. आणि सायन वाढला की मेलेला. ऋचाने तो कागद पाहिला आणि चटकन तोंड फिरवलं.

मी सायन कमी करायला सांगितला. पुढचा कागद येईपर्यंत ती माझ्याकडे बघत होती. मग हळूच म्हणाली, "तुम्हाला कसं कळतं?"

"दिसतं," मी म्हटलं. "मला सगळे रंग दिसतात, ऋचा. पहिल्यापासून. तुझ्या बाबांनी जे सांगितलं ते खोटं होतं."

मशीनचा आवाज चालू होता. तिने पहिलं प्रूफ उलटं करून टेबलावर ठेवलं.

"मग त्यांनी तसं का सांगितलं?"

"एक काम वाचवायला."

"वाचलं?"

"वाचलं."

"मी सगळ्यांसमोर सांगितलं," ती म्हणाली.

"हो. मी होते तिथे."

मला वाटलं ती निघून जाईल, किंवा माझ्यावर चिडेल. मी त्याची तयारी ठेवली होती. नुकता बाप गेलेल्या मुलीला हे सांगणं क्रूर होतं आणि मी ते समजून उमजून केलं. तुझ्यासारखा हळवा आवाज काढून मला ते सांगता आलं असतं. मी तसं केलं नाही. तिने ओढणीने डोळे पुसले आणि नवा कागद हातात घेऊन खिडकीकडे गेली. कुणी न सांगता उजेडात गेली. तिथे उभं राहून तिने तुझा चेहरा पाहिला आणि म्हणाली, "गालावर पिवळं थोडं जास्त आहे ना?"

होतं. अगदी थोडं, पण होतं. तुझ्या मुलीला नजर आहे, शिरीष. मी मशीनमनला पिवळा उतरवायला सांगितला आणि आम्ही दोघी पुढच्या कागदाची वाट बघत उभ्या राहिलो. तो आला तेव्हा ती म्हणाली, "हे बाबा." मी छपाईच्या मंजुरीसाठी कागदावर सही केली.

पुस्तिका छापून झाली आहे. मुखपृष्ठावर तू जसा होतास तसा दिसतोस, गव्हाळ, कानाच्या पाळ्यांशी जरा तांबूस, हसण्याच्या बेतात. ज्यांनी पाहिली ते सगळे म्हणतात, हुबेहूब. यावरून मी तुला माफ केलं असं समजू नकोस. तुझा चेहरा जराही चुकला असता, तर हेच लोक म्हणाले असते, बघा, शिरीष खरंच सांगत होता.